पिशवी घातली

‘दहाचा पाना लागंल, ताई,’ दस्तगीर म्हणाला. ‘पयली बॅटरीची काळी वायर काढायची. मग ह्यो चाप असा वर उचलायचा, म्हंजे जोड सुटतो. वडायचं न्हाई. आत बारीक पिना हायत. एक वाकडी झाली की संपलं.’

कडगाव रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीच्या उघड्या बॉनेटवर वाकून उभे होतो. मी सगळं कागदावर लिहून घेत होते. खंडेनवमीला चार दिवस राहिले होते.

‘आणि त्या जागी हा?’

त्याने स्टुलावरचा डबा उचलून माझ्या हातात दिला. ॲल्युमिनियमचा, चपटा, शाळेतल्या जेवणाच्या डब्याएवढा. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे असा डबा ठरवतो. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. हा पुरात बुडालेल्या एका गाडीतून निघाला होता आणि आता काहीच ठरवत नव्हता.

‘आमच्या गाडीत असलाच आहे?’

‘सेम टू सेम. दोन्हीवरची लेबलं बी गेल्यात. बाहेरनं कुणाला कळायचं न्हाई.’ त्याने बॉनेट खाली घेतलं. ‘सरांस्नी बी.’

दस्तगीर मुजावर माझ्या वडिलांचा विद्यार्थी. दहावीला दोनदा नापास झालेला. तिसऱ्या वर्षी आप्पांनी त्याला आमच्या अंगणात बसवून एका स्कूटरच्या हॉर्नवर ओहमचा नियम शिकवला. तो पास झाला नाहीच, पण गॅरेज टाकलं. गिऱ्हाइकांना तो अजून अभिमानाने सांगायचा, ‘मी पट्टणशेट्टी सरांचा नापास इद्यार्थी.’

‘एक सांगून ठेवतो, ताई,’ तो हात पुसत म्हणाला. ‘सरांशी मी खोटं बोलणार न्हाई. काय बोलायचं ते तुम्ही बोला. मी गप बसंन. पर त्यांनी मला सरळ इचारलं, तर मी खरं हाय त्येच सांगनार.’

‘असं काय विचारतील?’

‘सर काय इचारतील त्ये कधी कुणाला म्हाईत असतंय व्हय?’

मी तो मेलेला डबा पर्समध्ये घातला आणि घरी आले.

आप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. गडहिंग्लजच्या हायस्कुलात चौतीस वर्षं त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, लग्न केलेलं नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि फाटकाच्या आत ती पांढरी पेट्रोल गाडी. आप्पांनी निवृत्तीनंतर घेतलेली, बारा वर्षांची.

गाडी घेतली तेव्हा त्यांनी तिचं पुस्तक पाठ्यपुस्तकासारखं पेन्सिलीने खुणा करत वाचलं होतं. तो डबा बॅटरीच्या शेजारी, अगदी उघड्यावर बसवलाय हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ‘ज्याने ही जागा निवडली,’ ते म्हणायचे, ‘त्याला आपल्याकडे दसऱ्याला गाडीला न्हाऊ घालतात हे कुणी सांगितलंच नाही.’

मग त्यांनी आपली पद्धत बसवली. वर्षातून चार वेळा इंजिन धुवायचं. आधी बॅटरीची वायर सुटी करायची. मग खताच्या पोत्याच्या आतलं जाड प्लास्टिक असतं, त्याची शिवलेली पिशवी त्या डब्यावर चढवायची आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन वेढे देऊन बांधायची. धुणं झालं की बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळवायचं आणि उतरत्या उन्हाला पिशवी काढायची. काढायला विसरायचं नाही. ‘झाकून ठेवलेल्यात बाहेरनं पाणी येत नाही,’ ते सांगायचे, ‘पण आतल्या आत दव धरतं. ते जास्त वाईट.’ उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून तंबाखूच्या पानांची एक पुरचुंडी इंजिनाच्या कोपऱ्यात कायम असायची.

हे सगळं ते एका वहीत लिहायचे. शाळेची जुनी, शिल्लक राहिलेली प्रयोगवही. तारीख, किलोमीटर, कृती, निरीक्षण. प्रत्येक पानाच्या तळाला छापलेलं असायचं ‘शिक्षकाची सही’, तिथे ते स्वतःच सही करायचे. त्याचं त्यांना हसू यायचं, पण करायचे.

वहीच्या बाबतीत ते कडक होते. आठवीत मी लंबकाच्या प्रयोगातला एक आकडा खोडरबरने पुसून नीट केला होता. त्यांनी अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. ‘प्रयोगशाळेत खोडरबर चालत नाही, शैलू. चुकलं तर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, सही, तारीख. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा चुकलेला आकडा दिसू द्यावा.’ पुढे कारखान्यात मला हाताखालच्या मुलींना हेच सांगायला लागलं, आणि मी त्यांच्याच आवाजात सांगायचे.

त्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी दहाला आप्पा गाडी घेऊन केस कापायला गेले. साडेतीनला परत आले. डाव्या बाजूचा आरसा नव्हता. मागच्या दारापर्यंत लाल रंगाचा एक लांब ओरखडा होता.

‘कुठे होता, आप्पा?’

‘कटिंगला.’

‘साडेपाच तास?’

‘गर्दी होती गं. श्रावण आहे.’

‘श्रावणात कोण कटिंग करतं?’

‘मग मी तरी कशाला करीन?’ ते म्हणाले आणि हसले. केस कापलेले नव्हते. पण मग त्यांनी स्वतःच आरशाची रिकामी जागा बोटाने चाचपली आणि त्यांचं हसणं गेलं.

पुढचे चार दिवस मी सगळी वर्तमानपत्रं आणून संकेश्वर, आजरा, निपाणी, सगळीकडच्या अपघातांच्या बातम्या वाचल्या. लाल दुचाकी, लाल सायकल, लाल कपडे घातलेलं कुणी. काही सापडलं नाही. तो लाल रंग कशाचा होता हे मला आजही माहीत नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आप्पांनी घड्याळ काढलं, काटे काढले, आणि आकडे सगळे एका बाजूला लिहिले. डॉक्टर म्हणाले, ‘गाडी आजपासून बंद.’ आप्पा अत्यंत सभ्यपणे म्हणाले, ‘तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या.’

मी किल्ली लपवली. दोन दिवस त्यांनी शोधली. तिसऱ्या दिवशी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात पोलीस निरीक्षकांना अर्ज लिहिला, विषय: राहत्या घरातून वाहनाची किल्ली चोरीस गेल्याबाबत. संशयिताच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. ‘घरात मी आणि माझी मुलगी राहतो. मुलगी प्रामाणिक आहे,’ असं लिहिलं होतं. मी किल्ली तांदळाच्या डब्यातून काढून त्यांना दिली.

दसऱ्यानंतर गळीत हंगाम सुरू व्हायचा. मग मला पाळ्या लागायच्या, दिवसाचे आठ तास मी कारखान्यात. ते घरी एकटे, किल्ली खिशात, आणि फाटकाबाहेर शाळा सुटलेली पोरं.

आप्पा माणसांचं ऐकायचे नाहीत. पण बिघडलेल्या यंत्रावर ते कधी चिडले नाहीत. ‘यंत्राशी भांडता येत नाही,’ म्हणायचे. त्यावरून मला डब्याची कल्पना सुचली. गाडी बिघडेल, भाग मिळत नाही असं होईल, आणि कुणीही कुणाला काही म्हटलेलं नसेल. मला ती कल्पना फार स्वच्छ वाटली होती.

खंडेनवमीला सकाळी सातलाच त्यांनी पाण्याची नळी काढली. मी स्वयंपाकघरात कडबोळी तळत होते. खिडकीतून त्यांची पाठ आणि बनियन दिसत होतं.

‘शैलू, तुमच्या कारखान्यात आज पूजा कशाची?’ त्यांनी बाहेरून ओरडून विचारलं. ‘साखरेची का मळीची?’

‘तराजूची आणि भिंगाची.’

‘बरोबर. साखरेची पूजा केली तर मुंग्या पहिल्या यायच्या.’

मी हसले. ते त्या दिवशी फार ताजे होते. नळीच्या तोंडावर अंगठा धरून पाण्याची धार पातळ करायची त्यांची सवय, मध्येच थांबून टाचेने चिखल बाजूला सारणं, सगळं नेहमीचं. साडेदहाला त्यांनी बॉनेट उन्हात उघडं ठेवलं, आंघोळ केली, जेवले आणि आडवे झाले.

मी दहाचा पाना आणि तो मेलेला डबा ओच्यात घेऊन बाहेर आले.

बॅटरीची काळी वायर सुटी केलेली होती. तिच्या टोकाला कापड गुंडाळलेलं. डब्यावर पिशवी चढवलेली होती. ट्यूबच्या पट्टीचे दोन वेढे, वर त्यांची ती चपटी गाठ. मी गाठ सोडली आणि पिशवी काढली. आत डबा पूर्ण कोरडा होता. बोट फिरवून पाहिलं, सवयीने.

मग कागदावर लिहिलं होतं तसं केलं. चाप उचलला, जोड सोडवला, चार बोल्ट काढले, आमचा डबा बाहेर काढला, त्या जागी मेलेला बसवला. बारा मिनिटं लागली. आमच्या डब्याला धक्का लागू नये, धूळ जाऊ नये म्हणून मी तो त्याच पिशवीत घातला आणि त्याच पट्टीने बांधला. त्यासाठीच शिवलेली पिशवी होती, मापाची. दुसरं काही मनात आलंच नाही. कपाटात साड्यांच्या मागे तो ठेवला. प्रयोगशाळेतून आणलेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्याही शेजारी ठेवल्या, दमट होऊ नये म्हणून.

साडेतीनला आप्पा उठले. धुतलेलं धोतर नेसले, अंगात सदरा घातला. झेंडूचा हार ताटात होता, लिंबू होतं, हळदकुंकू होतं. गाडी फाटकासमोर आणून पूजा करायची, हा आमच्याकडचा रिवाज.

ते बॉनेटवर वाकले आणि तसेच राहिले.

‘शैलू, पिशवी तू काढलीस?’

‘हो, मी काढली,’ इतकंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग त्यांनी म्हटलं असतं, दे, वाळत घालू, आणि मी काहीतरी सांगितलं असतं. हे मला नंतर, फार नंतर, पुष्कळदा सुचलं. त्या क्षणी मला ती पिशवी फक्त साड्यांच्या मागे दिसत होती.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘कुठली पिशवी?’

‘डब्यावरची. मी घातली होती.’

‘पिशवी नव्हती, आप्पा. मी बघितलं तेव्हा नव्हती.’

ते सरळ उभे राहिले. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर ते असे उभे राहायचे, रागाने नव्हे, उत्तर कुठून आलं असेल ते शोधत.

‘केव्हा बघितलंस?’

‘सकाळी. तुम्ही पाणी मारत होता तेव्हा.’

‘जवळून?’

‘जवळून.’

‘नक्की?’

‘नक्की.’

त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, पट्टीची गाठ मारताना घासतात तशी. मग म्हणाले, ‘तू बघितलंस म्हणजे नसणार.’

त्यांनी वायर जोडली, आत बसले, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, पण गाडी पकडेना. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. म्हणाले, ‘दस्तगीरला फोन कर. सणाचा दिवस आहे, माफ कर म्हणावं.’

दस्तगीर पंधरा मिनिटांत आला. त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला झेंडूचं फूल लावलेलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आप्पांनीच डबा काढला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला, चष्मा बदलला, चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत सगळं हिरवं होतं. तांब्याच्या रेषांवर हिरवा थर दाटलेला, पिनांच्या मुळाशी पांढरे कण. रसायनशास्त्र शिकलेली मी. तो डबा मी चार दिवस घरात ठेवला होता, आणि एकदाही उघडून बघितला नव्हता.

आप्पांनी भिंग आणायला सांगितलं. मी आणून दिलं. ते बराच वेळ बघत होते.

‘दस्तगीर.’

‘जी, सर.’

‘हे हिरवं एका सकाळच्या पाण्याने चढतं?’

दस्तगीर जमिनीकडे बघत होता. ‘न्हाई, सर.’

‘एका पावसाळ्यात?’

‘न्हाई.’

‘मग किती दिवसांत? तू रोज बघतोस. अंदाज सांग.’

दस्तगीरने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला, हे मला कळत होतं. घरात कुकरची शिटी झाली. आतल्या आत मी वाक्य जुळवत होते, आणि ते जुळेना.

‘दोन वरसं तरी लागत असतील, सर,’ तो म्हणाला.

‘दोन वर्षं.’ आप्पांनी भिंग खाली ठेवलं. ‘म्हणजे आजचंच नाही. आज नुसतं सापडलं.’

‘सर, गाडी जुनी झाल्या,’ दस्तगीर घाईने म्हणाला. ‘असं हुतंयच. तुमचा काय दोष न्हाई ह्यात.’

‘तू ह्याच्या आधी माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस. आज सणाचं कशाला बोलतोस?’

दस्तगीर पाने गोळा करायला लागला.   त्याने पाने आणलेच नव्हते. ते आप्पांचे होते.

आप्पा म्हणाले, ‘शैलू, माझी वही दे. आणि पेन.’

मी दिली. ते गाडीत जाऊन बसले, दार लावून घेतलं. अर्धा तास होते आत. मला वाटलं, काय झालं ते लिहून ठेवत असतील. मी बाहेर हाराचं ताट घेऊन उभी होते. झेंडूच्या पाकळ्या एक-एक करून ताटात गळत होत्या.

बाहेर आले तेव्हा त्यांनी हात धुतले. मग न चालणाऱ्या गाडीची यथासांग पूजा केली. चारी चाकांना कुंकू लावलं, हार घातला, लिंबू चाकाखाली ठेवलं. ते लिंबू चिरडायला गाडी पुढे घ्यावी लागते. त्यांनी वाकून लिंबू परत उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. त्याच्या शेजारी किल्ली ठेवली.

‘ही तुझ्याकडे राहू दे,’ ते म्हणाले. ‘आता लपवायला नको.’

जे मला हवं होतं ते सगळं झालं. आप्पा पुन्हा गाडीजवळ गेले नाहीत. कुणाला काही लागलं नाही, फाटकाबाहेरची पोरं रोज सुखरूप घरी जात होती. मी निर्धास्तपणे पाळ्या करत होते.

दिवाळीच्या आधी एकदा त्यांनी मला फोन केला. मी रसाचा नमुना तपासत होते. ‘शैलू, गॅस बंद आहे का गं?’

‘मला इथून कसं कळणार? तुम्ही बघा ना.’

‘मी बघितलं. बंद दिसतोय.’ मग म्हणाले, ‘पण मला दिसतोय.’

पुढे हे वाढत गेलं. गोळी घेतली का, हे ते स्वतः ठरवत नसत, माझ्याकडे बघत. अंगणात त्यांनी बनवलेलं पर्जन्यमापक होतं, वीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. पुढच्या पावसाळ्यात रोज सकाळी आठला ते मापकाची नळी हातात धरून माझ्या दारात उभे राहायचे. ‘तू वाच.’

‘आप्पा, तुम्हाला दिसतंय की. एकवीस मिलिमीटर.’

‘मलाही एकवीसच दिसत होते,’ ते म्हणायचे. ‘पण तू वाच.’

डॉक्टर म्हणाले, आजार अपेक्षेपेक्षा लवकर पुढे सरकतोय. मी त्यांना विचारलं, कशाने? ते म्हणाले, काहींचा सरकतो. याहून नेमकं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मिळण्याचा मार्गही नव्हता. त्यासाठी दुसरे आप्पा लागले असते, ज्यांच्याशी मी खोटं बोलले नसते.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. समोर बसून, हात धरून. डबा मी बदलला. मी बसवलेला डबा पुरातल्या गाडीचा होता, ते हिरवं त्या पुराचं होतं. पिशवी तुम्ही घातली होती. मी स्वतः काढली. गाठसुद्धा तुमचीच होती. कपाटातून तो पिशवीतला डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी मन लावून ऐकलं, पहिल्या बाकावरच्या मुलासारखं. पट्टीवरून अंगठा फिरवला.

‘कळलं का, आप्पा? तुम्ही विसरला नव्हता.’

‘असं होय,’ ते म्हणाले. ‘तू म्हणतेस म्हणजे असणार.’

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तितक्याच विश्वासाने तेच म्हणाले. मी डबा परत साड्यांच्या मागे ठेवला.

त्यापुढच्या माघात आप्पा गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही.

तीन महिन्यांनी दस्तगीर आला. दारात उभा राहिला, आत येईना.

‘ताई, गाडी नुसती उभी राहून मरायला लागल्या. तो डबा बसवून बघू या का?’

नवी बॅटरी, ताजं पेट्रोल तो घेऊनच आला होता. मी डबा आणला. त्याने गाठ सोडली नाही. माझ्यापुढे धरला, मी सोडली. पिशवीतून निघालेला डबा होता तसा होता, कोरडा, स्वच्छ. त्याने तो बसवला, चाप लावला, वायर जोडली.

‘तुम्ही बसा, ताई.’

मी किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्याला गाडीने पकडलं. जणू कालच धुऊन ठेवली होती. दस्तगीर बाहेर पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने खांद्यावरचं फडकं तोंडावर धरलं.  मग फडक्याआडून म्हणाला, ‘मी वरीसभर म्हनलो असतो तर? दोन कशाला म्हनलो, ताई?’

मला त्याला काहीतरी सांगायला हवं होतं. मी समोरचा कप्पा उघडला, पुसायला कापड असेल म्हणून. आत आप्पांची वही होती. खंडेनवमीला ती त्यांनी तिथेच ठेवली होती आणि गाडीसारखीच ती तेव्हापासून बंद होती.

मी शेवटून उघडली. दोन वर्षांतल्या नऊ धुण्यांच्या नऊ नोंदी. प्रत्येकीत त्यांचं ते उभट, सुटं अक्षर: बॅटरी सुटी केली. पिशवी घातली. सायंकाळी पिशवी काढली, आत कोरडे. हे शेवटचं वाक्य फक्त खंडेनवमीच्या नोंदीत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी ‘पिशवी घातली’ या दोन शब्दांवर एक आडवी रेघ होती. फूटपट्टी नसल्याने हाताने मारलेली, पण सरळ. खालचं वाचता येत होतं. शेजारी सही आणि तारीख, खंडेनवमीची. कारणाच्या जागी आठ ठिकाणी लिहिलं होतं: निरीक्षण विश्वासार्ह नाही.

नवव्या, शेवटच्या नोंदीला कारण वेगळं होतं. तिथे लिहिलं होतं: शैलजाने जवळून पाहिले.

बाकी सगळ्या पानांच्या तळाला ‘शिक्षकाची सही’ या छापील शब्दांपुढे त्यांची सही होती. या पानावर नव्हती. तिथे पेन्सिलीने, पुसट, माझं नाव लिहून पुढे एक बारीक फुली केली होती. पालकांनी कुठे सही करायची ते दाखवायला ते मुलांच्या प्रगतिपुस्तकावर करायचे, तशी.

‘बंद करू का, ताई?’ दस्तगीरने खिडकीतून विचारलं.

‘थोडा वेळ चालू राहू दे,’ मी म्हणाले.

याला आता अकरा वर्षं झाली. गाडी दस्तगीरकडे आहे, वही माझ्याकडे. त्या फुलीपुढची जागा मी अजून भरलेली नाही.